झोपेची वही : सोलापूर, जानेवारी ते मार्च 2025

5 जानेवारी, रविवार

आजपासून वही सुरू. वजन 74.6 किलो, उंची 155 सेंटीमीटर, बेंबीच्या रेषेत कंबर 96 सेंटीमीटर, वय 44. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 31 येतो. आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा धरतात आणि बायकांची कंबर 80 च्या वर गेली की सावध व्हायला सांगतात. डिसेंबरच्या रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. थायरॉइड ठीक आहे.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिलाच प्रश्न केला, "बाई, झोपता किती वाजता?" मी म्हटलं, बारा-सव्वाबारा. "उठता?" पावणेपाच. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "गोळी आज देत नाही. तीन महिने आधी झोप वाढवा, मग बघू."

याआधी मी तीनदा वजन कमी केलंय आणि तिन्ही वेळा ते परत आलंय. एकदा नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर राहिले, एकदा रात्रीचं जेवण सोडलं, एकदा पहाटे चार वाजता उठून चालले. त्या चालण्यापायी असलेल्या झोपेतला आणखी पाऊण तास गेला होता, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

मी विज्ञान शिकवते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना दरवर्षी सांगते. तेच इथे लावायचं. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त मोजणी. नंतर फक्त झोप. जेवण मुद्दाम कमी करायचं नाही, चालणं सुरू करायचं नाही. रोज सकाळी चहाआधी वजन, आणि हिशेबाला आठवड्याची सरासरी. रोजचा आकडा मिठामुळे, पाण्यामुळे किलोभर इकडेतिकडे होतो, त्याच्यावर खूश किंवा नाराज व्हायचं नाही.

वहीत चार रकाने: दिवा बंद, जाग, वजन, आणि "जेवणाशिवाय काय खाल्लं".

11 जानेवारी, शनिवार

पहिला आठवडा. झोप सरासरी 4 तास 47 मिनिटं, तीही रविवारी साडेसहा तास मिळाली म्हणून. वजन सरासरी 74.6.

दिवस असा जातो. यांची टॉवेल कारखान्यात कायम दुसरी शिफ्ट, तीन ते अकरा. घरी यायला साडेअकरा. मी, सासूबाई आणि लेक साडेआठला जेवतो. नंतर मी वह्या तपासते. साडेदहाला डोळे मिटायला लागतात, म्हणून चहा करते. हे आले की भाकरी गरम करून वाढते, समोर बसते. सव्वाबाराला ओटा पुसून आडवी होते. पावणेपाचला गजर. दर चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं ते पहाटे, आणि नसेल त्या दिवशीही डबे असतात. सात वाजता शाळेच्या पहिल्या तासाची घंटा.

चौथा रकाना भरताना मात्र मी थबकले. माझी समजूत होती की मी तीनदाच जेवते. वही सांगते की यांच्यासमोर बसल्यावर रोज माझ्या हातात अर्धी भाकरी असते आणि तिच्यावर दोन चमचे शेंगाची चटणी, वर तेल. सातापैकी सहा रात्री. आणि दुपारी साडेचारला फरसाणाचा डबा. तोही सहा दिवस.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काल भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आज गुळाच्या पोळ्या. पाहुणे, शहरात सिद्धेश्वरांची यात्रा, लेकीला गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळण्यात बसायचं होतं. रात्री एक वाजला. नोंद खरी ठेवायची म्हणून लिहिते: चार पोळ्या, तूप धरून.

19 जानेवारी, रविवार

दुसरा आठवडा. वजन 74.9. झोप 4 तास 40 मिनिटं.

आज दुपारी बसून चौथ्या रकान्याचा हिशेब केला. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 350 किलोकॅलरी असतात, शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर. मध्यरात्रीची अर्धी भाकरी, चटणी, तेल आणि कधी उरलेला भात मिळून जवळपास 300. साडेचारचं फरसाण 250 च्या आसपास. म्हणजे मी रोज एक जादा जेवण जेवतेय आणि त्याचं ताट कधी घेतलेलं नाही.

भुकेचा संबंध झोपेशी कसा लागतो ते आठवड्याभरात वाचून काढलं. 2004 साली शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा तास अंथरुणात ठेवलं. कमी झोपेनंतर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं, भूक चेतवणारं ग्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं, आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक 24 टक्क्यांनी वाढली. वासना मुख्यतः गोड, खारट, पिठाच्या पदार्थांवर गेली. फरसाणाचा डबा डोळ्यांसमोर आला. पण ते बाराही जण पुरुष होते, आणि लेप्टिनबाबत पुढच्या प्रयोगांत निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, त्यामुळे सगळा भार या दोन संप्रेरकांवर टाकायला मन धजत नाही.

मला जास्त पटला तो कोलोरॅडोतला 2013 चा प्रयोग. त्यात 16 जण होते, निम्म्या बायका. पाच दिवस रात्री पाचच तास झोप. जागं राहिल्याने शरीराचा खर्च खरंच वाढला, सुमारे 5 टक्के. पण खाणं त्याहून जास्त वाढलं, आणि वाढलं ते रात्रीच्या जेवणानंतरचं. पाच दिवसांत वजन सरासरी 0.8 किलोने चढलं. जागरणाने माणूस वाळतो असं आमच्याकडे म्हणतात. जागं राहायला ऊर्जा लागते इथवर ते बरोबर आहे, पण जागं माणूस स्वयंपाकघरापासून दोन पावलांवर असतं.

उद्यापासून बदल. ध्येय रात्री सव्वादहा ते सव्वापाच.

20 जानेवारी, सोमवार

शाळेतून एकला आले, हे अजून घरी होते. सगळं समोर मांडलं. म्हटलं, रात्रीचा डबा बरोबर न्या, साडेआठच्या सुट्टीत तिथेच जेवा. आल्यावर दूध ठेवलेलं असेल. मी झोपलेली असेन.

हे बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. भाकरीबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "मग आपण बोलायचं कधी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली गेली तीन वर्षं आमचं सगळं बोलणं त्या मध्यरात्रीच्या अर्ध्या तासात होतं. लेकीची फी, सासूबाईंचे गुडघे, त्यांच्या सुपरवायझरशी झालेली कुरबुर, माझ्या बदलीची धास्ती. मी अर्धी भाकरी हातात घेते ती भुकेने घेते की नुसतं बघत बसणं बरं दिसत नाही म्हणून, हे मला सांगता येणार नाही.

शेवटी असं ठरलं की दुपारचं जेवण दोघांनी एकत्र करायचं. मी एकला येते, हे सव्वादोनला निघतात. आजवर हे बारालाच जेवून पडायचे आणि मी आल्यावर ओट्यापाशी उभ्याने उरकायचे. आता एक वाजता पाट मांडायचा, फोन लांब ठेवून.

24 जानेवारी, शुक्रवार

दिवा सव्वादहाला बंद होतो, झोप येत नाही. मंगळवारी साडेअकराला यांच्या गाडीचा आवाज ऐकला तेव्हा मी जागीच होते. बुधवारी तसंच. अंथरुणात नुसतं पडून राहण्याचा त्रास जागरणापेक्षा जास्त वाटला.

कारण शोधलं ते सापडलं. साडेदहाचा चहा बंद केला, पण सात वाजताचा चालू होता. चहातलं कॅफिन शरीरातून निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सातच्या चहाचा निम्मा अंमल बारा वाजताही रक्तात असतो. कालपासून शेवटचा चहा चारला. काल अकरा वाजता डोळा लागला.

दुसरं कारण वह्या. अंथरुणात बसून वह्या तपासते आणि त्याच जागी झोपायचं म्हणते. वह्या आता बाहेरच्या खोलीत, साडेनऊला मिटायच्या. लेक म्हणाली, "आई, माझ्या वहीवर सही बाकी आहे." म्हटलं, उद्या शाळेत करते.

28 जानेवारी, मंगळवार

पाण्याचा दिवस. हे उठले.

आदल्या रात्री मीच म्हटलं होतं की राहू द्या, साडेअकराला येऊन पावणेपाचला कसे उठाल. ते म्हणाले, "मला नंतर आठपर्यंत पडता येतं. तुला येतं का?" पहाटे नळीचा आणि पिंपाचा आवाज ऐकून मी उठून बसले, सवयीने पाय खाली सोडले. यांनी दाराशी येऊन हातानेच पड म्हणून खूण केली. सव्वापाचपर्यंत पडून होते, झोप काही लागली नाही. आपण आडवं असताना घरात दुसरं कोणी काम करतंय हे ऐकत पडणं फार अवघड गेलं. छातीत धडधड होत होती.

2 फेब्रुवारी, रविवार

चौथ्या आठवड्याची सरासरी 75.1. चढलं.

झोप 5 तास 50 मिनिटांवर आली, मध्यरात्रीचं खाणं बंद झालं, आणि काटा अर्धा किलो वर. सकाळी वही भिंतीवर फेकावीशी वाटली. दुपारी मासिक पाळी आली आणि उलगडा झाला. आधीच्या आठवड्यात अंगात पाणी साठतं, हे मी मुलींना शिकवते आणि स्वतःच्या काट्यावर उभी राहिले की विसरते. पुढे तुलना करायची तर या आठवड्याची पुढच्या महिन्याच्या याच आठवड्याशी करायची. वहीत लाल शाईने खूण केली.

संध्याकाळी सासूबाईंचं बोलणं झालं. गेले दोन आठवडे त्या गप्प होत्या. आज म्हणाल्या, "माझा मुलगा रात्री घरी येतो तेव्हा वाढणारं कुणी नाही, हे बघवत नाही मला." मी म्हटलं, आई, ते तिकडे गरम खाऊन येतात. त्या म्हणाल्या, "पोटाचं म्हणत नाही मी."

मग स्वतःच बोलत राहिल्या. विड्या वळायच्या तेव्हाचं. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय सूप खाली ठेवायचं नाही. दिवसा स्वयंपाक, धुणं, पोरं, म्हणून विड्या रात्री दिव्याखाली, एक-दोन वाजेपर्यंत. झोप येऊ नये म्हणून तोंडात मिश्री, आणि बाजूला वाटीत गूळ-शेंगदाणे. "सकाळी वाटी रिकामी असायची, खाल्लेलं आठवायचं नाही." पस्तिशीत साखर निघाली तेव्हा सगळे म्हणाले, गूळ फार खातेस.

मी त्यांच्या पायाशी बसले होते. माझा चौथा रकाना त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी भरून ठेवला होता. दोन बायकांची गोष्ट म्हणजे पुरावा होत नाही, हे मला कळतं. पण ती वाटी डोळ्यांपुढून जात नाही.

उठताना म्हणाल्या, "मीपण जागीच असते गं, त्याची गाडी येईपर्यंत." तेव्हा लक्षात आलं की या घरात एका माणसाच्या शिफ्टपायी तीन माणसं जागतात.

8 फेब्रुवारी, शनिवार

सरासरी 74.2. झोप 6 तास 20 मिनिटं.

या आठवड्यात फरसाणाचा डबा दोनदाच उघडला, आणि मी तो बंद ठेवायचा नेम केलेला नव्हता. साडेचारला वह्या घेऊन बसले, सहा वाजले तरी आठवण झाली नाही. याआधी मी स्वतःला किती बोलले आहे, तोंडावर ताबा नाही म्हणून. गुरुवारी पाहुणे होते, रात्री पाच तास झोप झाली. शुक्रवारी साडेचारला हात डब्यात.

12 फेब्रुवारी, बुधवार

शिक्षक खोलीत एका सहकारी बाईंचं डाएट चाललंय. दोन आठवड्यांत अडीच किलो उतरले, सगळे कौतुक करत होते. पण तोंड उतरलंय, जिना चढताना कठड्याला धरतात. झोपेचं विचारलं तर म्हणाल्या पाच तास, भुकेमुळे लवकर जाग येते.

त्यांना 2010 चा शिकागोचा प्रयोग सांगितला. वजन जास्त असलेल्या 10 माणसांना दोन आठवडे कमी उष्मांकाचा तोच आहार दिला. एका वेळी झोपेसाठी रोज साडेआठ तास, दुसऱ्या वेळी साडेपाच. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास. पण पुरेशा झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत 0.6. बाकीचं स्नायूंसकट चरबीखेरीज जे असतं त्यातून गेलं. काटा हा फरक दाखवत नाही. कंबरेची टेप थोडाफार दाखवते, जिना त्याहून लवकर दाखवतो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सात तास कोण झोपू देणार आहे?" त्यांच्याकडे दीड वर्षाचा नातू आहे आणि सून कामावर जाते. मी पुढे काही बोलले नाही. झोपा, असं नुसतं सांगणं त्यांच्यावर आणखी एक काम लादण्यासारखं होतं.

16 फेब्रुवारी, रविवार

73.9. कंबर 94.5. लेक आता रात्री भाजी निवडून, चिरून ठेवते. कणीक मी साडेनऊला मळून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी फक्त लाटणं-भाजणं. अर्धा तास तिथे वाचला.

2022 चा एक अभ्यास मुद्दाम इथे लिहून ठेवते, कारण माझ्या प्रयोगाशी तो सगळ्यात जवळचा आहे. पुन्हा शिकागोच. साडेसहा तासांहून कमी झोपणारी, वजन जास्त असलेली 80 तरुण माणसं. निम्म्यांना एकदाच बसवून झोप कशी वाढवायची ते त्यांच्या घरच्या परिस्थितीप्रमाणे समजावलं. खाण्याबद्दल एक शब्द नाही. सगळे आपापल्या घरीच राहिले. दोन आठवड्यांत त्यांची झोप सुमारे 1.2 तासांनी वाढली आणि बाकीच्यांच्या तुलनेत खाणं रोज सरासरी 270 किलोकॅलरींनी घटलं. काय खाल्लं ते त्यांना विचारलं नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेलं पाणी प्यायला देऊन, लघवीच्या नमुन्यांवरून शरीराचा खर्च काढला, आणि त्यावरून व वजनावरून खाणं काढलं. माणूस खाल्लेलं सांगायला विसरतो, ही अडचण त्यांनी धरलीच होती. माझ्या अर्ध्या भाकरीचा तरी मला कुठे पत्ता होता.

270 म्हणजे साधारण एक भाकरी आणि वर थोडी चटणी.

23 फेब्रुवारी, रविवार

सातवा आठवडा 73.5. इथवर छान. पण शुक्रवारी, 21 तारखेला दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली. आमच्या शाळेत केंद्र आहे, मला पर्यवेक्षण. अकराचा पेपर, दोनला संपतो, गठ्ठे जमा होईतो अडीच-पावणेतीन. हे त्याआधीच कामावर गेलेले असतात.

म्हणजे दुपारचं जेवण गेलं. आणि शुक्रवारी रात्री मी बारा वाजेपर्यंत जागी राहिले. भूक नव्हती, काम नव्हतं. दिवसभरात एकमेकांशी एक वाक्यही झालं नव्हतं, ते बोलायचं होतं. भाकरी वाढली आणि अर्धी हातात घेतली.

2 मार्च, रविवार

आठवा आठवडा 73.8. झोप घसरून 5 तास 35 मिनिटं. मध्यरात्रीची भाकरी चार वेळा, फरसाण तीनदा. लाल खुणेचा आठवडा आहे, म्हणून तुलना त्या 75.1 शी. तरीही 1.3 किलो कमी आहे. हे लिहिल्यावर जिवाला जरा थारा मिळाला.

परीक्षा 17 तारखेपर्यंत आहे, तोवर अशीच गळती होऊ द्यायची नाही. यांनीच मार्ग काढला. साडेआठच्या सुट्टीत डबा उघडला की मला फोन करायचा. ते तिकडे जेवतात, आम्ही इकडे जेवतो, फोन ताटाशेजारी. लेकीने पहिल्याच दिवशी बाबांना रसायनशास्त्राची समीकरणं म्हणून दाखवली.

7 मार्च, शुक्रवार

काळजीची नोंद.

मी आता लवकर झोपते, त्यामुळे पहाटे तीन-साडेतीनला कधी जाग आली तर डोकं जागेवर असतं. यांचं घोरणं पूर्वीही ऐकायची, पण गुंगीत. काल नीट ऐकलं. घोरणं चालू असतं, मग एकदम शांत. श्वास नाही. मी घड्याळाकडे बघत होते, वीस सेकंदांच्या आसपास. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज आणि पुन्हा घोरणं. तासाभरात असं कितीतरी वेळा.

टेपने गळा मोजला, 42 सेंटीमीटर. चाळिसाच्या वर गेला की झोपेत श्वास अडण्याचा धोका जास्त धरतात. खुर्चीत बसल्या बसल्या यांना डुलकी लागते, सकाळी डोकं जड असतं. याला सगळे शिफ्टचा थकवा म्हणत आलो. गळ्याभोवती चरबी वाढली की झोपेत घशातली श्वासाची वाट दबते, श्वास अडला की झोप तुटते, आणि तुटलेली झोप वजन वाढवायला हातभार लावते. या चक्रात नुसतं लवकर झोपून काही होत नाही, तपासणीच करावी लागते.

आणि अशा माणसाला मी गेले सहा आठवडे पावणेपाचला पाण्यासाठी उठवतेय. माझी झोप मी कुणाच्या वाट्यातून काढली, हे मला आधी दिसायला हवं होतं.

9 मार्च, रविवार

प्लंबर येऊन गेला. आमचा नळ जमिनीपासून हातभर उंच. पाण्याला जोर नसतो, म्हणून माणूस उभं राहून नळी लावायची, पिंप भरायचं, पिंपातून हौदात. त्याने जोडणी खाली घेतली, थेट हौदात उतरवली आणि तोंडाला बॉल कॉक बसवला. पाणी उतारावर आपोआप येतं, हौद भरला की बंद होतं. वर टाकीत चढवायची मोटर दिवसा कधीही. पहिलं गढूळ पाणी हौदात जाणार म्हणून तोंडाला जाळी लावली आणि हौद महिन्यातून एकदा धुवायचा ठरवलं. दोन तासांचं काम झालं.

मी अकरा वर्षं त्या नळाशी पहाटे उभी राहिले. यांना सहा आठवडे उभं राहावं लागलं तेव्हा प्लंबरला फोन गेला. हे मी यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "खरं आहे." आणि बराच वेळ मान वर केली नाही. राग म्हणून हे लिहीत नाही. झोप वाढवण्याबद्दल मी जे जे वाचलं, त्यात अंधार करा, फोन दूर ठेवा, ठरलेल्या वेळी झोपा असं सगळं होतं, आणि ते उपयोगीच आहे. पण माझी झोप नळात, डब्यात आणि शिफ्टमध्ये अडकली होती. ती एकेक करून सोडवावी लागली, आणि ते मला एकटीला जमण्यासारखं नव्हतं.

14 मार्च, शुक्रवार

धुळवड. काल पुरणपोळी.

उन्हाळा लागला. आमची वरची खोली, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एकपर्यंत आग ओकतो. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, आणि खोलीच उतरत नसेल तर ते अडतं. दोन रात्री तळमळत काढल्या. कालपासून गच्चीवर संध्याकाळी पाणी मारतो, खालच्या खोलीत फरशीवर अंथरूण, खिडकीला ओली चादर आणि पंखा. सोलापुरी चादर ओली फार छान राहते, पहाटेपर्यंत गारवा टिकतो. काल 6 तास 30 मिनिटं.

18 मार्च, मंगळवार

काल बोर्डाचा शेवटचा पेपर झाला. आज एक वाजता पाट मांडला. आमटी, भाकरी, मेथी. यांनी विचारलं, "झोपेचं काय चाललंय?" म्हटलं, तुमचं आधी सांगा. तपासणीची तारीख मिळाली आहे, एप्रिलमधली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी लावून एक रात्र झोपायचं, श्वास किती वेळा अडतो ते यंत्र मोजतं. रोज झोपताना श्वासाचं मशीन लावायला सांगितलं तर काय, म्हणून हे धास्तावलेत. मी म्हटलं, आधी रात्र मोजू द्या.

23 मार्च, रविवार

अकरावा आठवडा 72.7. झोप 6 तास 45 मिनिटं. दुपारी वीस मिनिटं पडते, अर्ध्या तासाच्या वर नाही, नाहीतर रात्रीची लांबते.

30 मार्च, रविवार

पाडवा. बारा आठवडे झाले.

बाराव्या आठवड्याची सरासरी 72.6. लाल खुणेचा आठवडा आहे. ओळीने लिहिते: 75.1, 73.8, 72.6. सुरुवातीपासून धरलं तर 2.0 किलो कमी. कंबर 96 वरून 92.5. झोप 4 तास 47 मिनिटांवरून 6 तास 40. प्रौढांना सात तास तरी हवेत असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे अजून वीस मिनिटं कमी आहेत. बारा आठवड्यांत दोन किलो हे ऐकणाऱ्याला थोडं वाटतं. डाएट करताना मी इतके एका महिन्यात उतरवले होते. पण तेव्हा रोज भांडण होतं, स्वतःशी. या वेळी चौथा रकाना रिकामा राहायला लागला तो आपणहून.

एक शंका प्रामाणिकपणे लिहायला हवी. मध्यरात्रीचं ताट गेलं म्हणून वजन उतरलं, की झोप वाढली म्हणून? दोन्ही एकदम बदललं, एकच गोष्ट बदलायचा माझा नियम मोडला. मध्यरात्री जागी नसले तर मध्यरात्री खाणार कशी, त्यामुळे हे दोन वेगळे करता आले नाहीत. साडेचारचं फरसाण मात्र त्या ताटाशी बांधलेलं नव्हतं, आणि तेही कमी झालं. माझा कल त्यामुळे झोपेकडे जातो.

आज पहाटे पाणी आलं. मला ते हौदात पडताना ऐकू आलं. घरात कोणी उठलेलं नव्हतं. मी कूस बदलली आणि पुन्हा झोपले, सहाला उठले. गुढी यांनी आणि लेकीने उभारली, सासूबाईंनी कडुनिंब-गूळ वाटला.

पुढच्या नोंदींसाठी: उद्यापासून संध्याकाळी अर्धा तास चालणं, पहाटे नाही. एचबीएवनसी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. यांची तपासणी त्यानंतर. सासूबाई आज दहालाच झोपल्या, गाडीची वाट न बघता. रविवार असल्याने गाडी दारातच आहे, त्यामुळे ही नोंद उद्या पुन्हा बघायची.

दिवा बंद 10:10.